दुखण्याची रोजकीर्द

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



आपल्या हाती असलेल्या अहवालात संस्थेचा ताळेबंद आहे. ताळेबंद हे एका दिवसाचे चित्र असते. वर्षभर काय घडले हे कळण्यासाठी रोजकीर्द उघडावी लागते. आमच्या संधिवात विभागात मात्र रुग्णाच्या ताळेबंदावरच भागवावे लागते. रुग्ण दोन-तीन महिन्यांनी येतो. डॉक्टर २८ सांधे तपासतात, रक्ताचा अहवाल पाहतात आणि विचारतात, ''मधल्या काळात कसे होते?'' उत्तर बहुधा कालच्या रात्रीचे असते. ताजे आणि सर्वांत तीव्र दुखणे तेवढे स्मरणात राहते. उरलेले दिवस पुसले जातात.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात हे मधले दिवसच निर्णायक असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सूज चढते, उतरते. परंतु ती दीर्घकाळ राहिली, तर सांध्याची झालेली हानी भरून येत नाही. म्हणून तीन महिन्यांत सुधारणा न दिसल्यास औषधयोजना बदलावी, असा वैद्यकीय संकेत आहे. सकाळी बोटे किती वेळ आखडली होती, थकवा किती होता, हे रुग्णानेच सांगावे लागते. कोणत्याही यंत्रात ते उमटत नाही.

ही रोजकीर्द भ्रमणध्वनीवर ठेवता येते, हे मँचेस्टर विद्यापीठाने दाखविले आहे. जानेवारी २०१६ पासून सुमारे पंधरा महिने ब्रिटनभरातील १३,००० हून अधिक वेदनाग्रस्तांनी त्याच्या अभ्यासात भाग घेतला आणि मोबाइलवर आपल्या दुखण्याची नोंद केली. दमट, वाऱ्याच्या व कमी दाबाच्या दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता थोडी अधिक असते, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळी हवेत सांधे धरतात, हे आपल्या आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते! पुढे सॅल्फर्ड येथील रुग्णालयात २० रुग्णांच्या अशा नोंदी तीन महिने थेट त्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांत आणण्यात आल्या. त्यामुळे डॉक्टर व रुग्ण एकच आलेख समोर ठेवून बोलू शकले.

आपल्याकडेही लोकांच्या तोंडून दुखणे नोंदविण्याची परंपरा आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तेथे मोबाइल नव्हता. विचारणारा माणूस होता.

हाच मुद्दा आम्ही आपणांसमोर ठेवू इच्छितो. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक भगिनींच्या घरी मोबाइल एकच असतो आणि तो मुलाच्या खिशात असतो. आखडलेल्या बोटांनी अक्षरे दाबणेही सोपे नसते. त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी मराठीतून केलेला साधा दूरध्वनीच उपयोगी पडेल.

त्याहून गंभीर बाब अशी की, कोणी न वाचलेली नोंद घातक ठरू शकते. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेली, तर प्रथम तोंड येते. पुढे रक्तातील पेशी घटून जिवावर बेतू शकते. एखाद्या रुग्णाने शनिवारी रात्री ''तोंड आले आहे'' असे कळविले आणि तो संदेश सोमवारपर्यंत संगणकात पडून राहिला, तर आपण त्याला दिलासा दिला नाही, केवळ दिलाशाचा भास दिला, असे होईल.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. रोज नोंदी वाचणारी, उलट दूरध्वनी करणारी प्रशिक्षित परिचारिका आणि सुट्टीच्या दिवशी उत्तरदायी डॉक्टर निश्चित झाल्याखेरीज हा उपक्रम सुरू करू नये. रुग्णाची लेखी संमतीही तितकीच आवश्यक आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचीही तीच दिशा आहे.

यंत्रासाठी देणगी मिळते; त्यावर दात्याचे नाव कोरता येते. परिचारिकेच्या वेतनावर नाव कोरता येत नाही आणि तो खर्च दरमहा येतो. तरीही याच खर्चासाठी आपण हात पुढे करावा, ही आमची नम्र विनंती आहे. रुग्ण आपले दुखणे रोज लिहील. ते रोज वाचले जाईल, याची हमी आपल्या औदार्याने मिळावी.