अपंगांस साह्य : कोठें आणि कसें?

घरांतील मूल अपंग आहे असें कळल्यावर आईबापांना पडणारा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. "आतां जावें कोणाकडे?" हा तो प्रश्न होय. एक शेजारी डॉक्टराचें नांव सांगतो, दुसरा देवस्थानाचें, तिसरा पुण्याच्या एखाद्या शाळेचें. आणि ह्या तिघांच्या सल्ल्यामागें फिरण्यांत मुलाचीं मोलाचीं दोन-तीन वर्षें निघून जातात. ज्यांच्या घरीं पुस्तकें आहेत, रोज वर्तमानपत्र येतें, अशा कुटुंबांचीही ह्या बाबतींत हीच गत होतांना दिसते. म्हणून आजच्या भाषणांत सहानुभूतीचे चार शब्द बोलण्यापेक्षां, आपल्या छत्रपती संभाजीनगरांत कोणतें दार ठोठवावें, आणि कोणतें आधीं, हें सांगण्याचा माझा विचार आहे.

मी 'अपंग' हा जुना शब्द वापरीत आहें. सरकारी कागदांत आतां 'दिव्यांग' असें लिहितात, व ज्यांना तो शब्द रुचतो त्यांनीं तो अवश्य वापरावा. मुलाला त्याच्या नांवानें हांक मारली म्हणजे दोहोंपैकीं एकाचीही गरज उरत नाहीं.

आपल्या भागाला ह्या बाबतींत थोडा इतिहास आहे. तो ध्यानांत घेतल्यावांचून आपली संवय उलगडत नाहीं. मुंबईंत बहिऱ्यामुक्यांची शाळा १८८५ सालीं निघाली, आणि आज दादरच्या नांवानें ओळखली जाणारी अंधशाळा १९०० सालीं. मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता व १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या रुग्णालयाला आपण सारे 'घाटी' म्हणतों, तें १९५६ सालचें. तेव्हां अशा मुलाला घेऊन मुंबई-पुण्याची वाट धरणें हें त्या काळीं योग्यच होतें. आज मात्र तीच संवय आड येते. गांवांतल्या गांवांत होणारी तपासणी सोडून लोक मुंबईच्या तारखेची वाट पाहात बसतात. आणि येथला प्राथमिक कागदच नसल्यामुळें तेथूनही पुष्कळदां हात हलवीत परत येतात.

पहिलें दार तपासणीचें. मूल बोलत नाहीं, नजर देत नाहीं, मान धरीत नाहीं, अशी शंका आईला फार लवकर येते. तिची समजूत घालणारे घरांत कमी नसतात. "ह्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता," हें वाक्य आपल्यापैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. बाप पुढें बोलूं लागला हें खरें, परंतु त्यावरून मुलाच्या कानांविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. जन्मलेल्या मुलाच्या श्रवणाची चाचणी आतां पहिल्या कांहीं दिवसांतच करतां येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्याखालीं अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां व सरकारी शाळांतील मुलांची एकदां तपासणी व्हावी अशी योजना आहे. खासगी बालवाडींत जाणारें आपलें मूल तेवढ्यानें ह्या चाळणींतून निसटतें, हा सुखवस्तु घरांचा एक विचित्र तोटाच म्हणावयाचा.

कानाच्या बाबतींत तर वेळेला फारच किंमत आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानांत कॉक्लिअर इम्प्लांट बसविण्याचा खर्च कांहीं लाखांच्या घरांत जातो. केंद्र सरकारच्या साहाय्य योजनेंतून तो मिळूं शकतो, परंतु मूल पांच वर्षांच्या आंतलें असावें लागतें. ही अट कोणा कारकुनाची लहर नव्हे. ऐकण्याची व भाषेची जी घडण मेंदूंत व्हावयाची ती पहिल्या वर्षांतच होते. ती वेळ गेल्यावर यंत्र आवाज पोंचवितें, पण त्या आवाजाचें बोलणें होणें कठीण जातें. शस्त्रक्रियेनंतरही महिनेन् महिने वाचाशिक्षण द्यावें लागतें. मुंबईस वांद्रें येथें १९८३ पासून असलेली अली यावर जंग संस्था ह्या योजनेचें काम पाहते. तेथें जावयाचें तें येथील तपासणी हातीं घेऊनच.

दुसरें दार प्रमाणपत्राचें, आणि येथेंच सुशिक्षित घरें सर्वांत अधिक अडतात. अडचण रांगेची नसते, मनाची असते. मुलाच्या नांवापुढें सरकारी शिक्का बसला तर तो जन्मभर निघणार नाहीं, थोरल्या बहिणीचें लग्न जुळतांना कोणी तो कागद काढून दाखवील, ही भीति असते. ही भीति हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, कारण आपला समाज तसा आहे. परंतु हिशेब उलट बाजूनेंही मांडून पाहावा. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. स्वमग्नता, वाचन-लेखनांतील विशिष्ट अडचणी, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यानें आलेलें व्यंग, हीं सारीं त्यांत आलीं. ह्या कायद्याच्या बहुतेक विशेष सवलतींना किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. सरकारी नोकरींत ४ टक्के, उच्च शिक्षणांत ५ टक्के जागा, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, हें सर्व त्या एका कागदावर अवलंबून आहे. कागद पेटींत ठेवून न वापरण्याचें स्वातंत्र्य आपणांस आहेच; नसलेला कागद मात्र ऐन वेळीं काढतां येत नाहीं.

अर्ज 'स्वावलंबन' ह्या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा व मग रुग्णालयांत मंडळापुढें मुलाला न्यावयाचें; तेथून दाखला व ओळखपत्र मिळतें. टक्क्यांचा आंकडा पाहून खचूं नये आणि चिडूंही नये. तो आंकडा एका इंद्रियाचें किंवा अवयवाचें काम किती अडलें आहे एवढेंच सांगतो. मुलगा पुढें काय करील हें सांगण्याचा त्याचा अधिकार नाहीं. आंकडा चुकीचा वाटला तर कायद्यांत अपिलाची सोय आहे. आणि शाळेनें किंवा कचेरीनें हक्काची गोष्ट नाकारली, तर पुण्यास राज्याचे अपंग कल्याण आयुक्त आहेत. त्यांच्याकडे लेखी तक्रार करतां येते.

दाखला मिळाल्यावर लहानमोठीं दारें आपोआप उघडतात. एसटीच्या भाड्यांत तीनचतुर्थांश सूट मिळते. अंध किंवा लिहूं न शकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेंत लेखनिक व तासाला वीस मिनिटें अधिक मिळतात. महानगरपालिकेनें व ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठीं खर्च करावयाचे असतात. हा पैसा कोठें गेला हें विचारणारे नागरिक फार थोडे, म्हणून तो पुष्कळदां अखर्चित राहतो. साधनांचीं शिबिरें भरतात. तेथें कानपुरच्या एलिम्को कारखान्याच्या तीनचाकी व कुबड्या वाटल्या जातात, हार घातले जातात, छायाचित्रें निघतात. कुबडीची उंची मात्र ज्याच्या त्याच्या मापानें ठरवावी लागते. माप न घेतां दिलेली कुबडी खांदा दुखविते आणि महिन्याभरांत माळ्यावर जाते. शिबिरांत आधीं मोजमाप घ्या असें म्हणण्यास संकोच करूं नये.

आतां ज्या प्रश्नानें वडील माणसांची झोंप उडते त्याकडे वळतों. "आमच्या माघारी ह्याचें कोण?" मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें आईबाप त्याचे पालक राहात नाहींत. पंचवीस वर्षांच्या, स्वतःची सही न करतां येणाऱ्या मुलाच्या बँकेंतील खात्यावर आईची सही चालत नाहीं, हें बहुतेकांना खिडकीपाशींच कळतें. ह्यासाठीं १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता ह्या चार प्रकारांत जिल्ह्याची स्थानिक समिति कायदेशीर पालक नेमूं शकते. समितींत जिल्हाधिकारी असतात, नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधि असतो, आणि एक अपंग व्यक्तिही असते. अर्ज आईबापांना करतां येतो, नातलगांनाही करतां येतो. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत मालमत्तेची यादी द्यावयाची व दरवर्षीं हिशेब सादर करावयाचा असतो. भावानें सांभाळ करावा असें सर्वांना वाटतें, आणि पुष्कळ भाऊ तो करतातही. पण तोंडी वचनापेक्षां हिशेबाची ही अट त्या भावालाही सोयीची असते. उद्यां कोणी बोट दाखविलें तर त्याच्याजवळ कागद असतो. ह्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तींत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो व विम्यापूर्वीं वैद्यकीय तपासणीची अट नाहीं.

पेन्शनरांच्या घरांसाठीं आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें, कमावूं न शकणाऱ्या अपंग मुलाला किंवा मुलीला आईबापांच्या पश्चात् कुटुंब निवृत्तिवेतन जन्मभर मिळूं शकतें. मात्र त्याचें नांव व दाखला आईबाप हयात असतांनाच कचेरींत नोंदवून ठेवणें शहाणपणाचें. मागें राहिलेल्या त्या मुलाला स्वतःच्या अपंगत्वाचा पुरावा गोळा करीत फिरावयास लावणें ह्यासारखी दुसरी क्रूर गोष्ट नाहीं.

हीं सारीं दारें एकट्यानें हिंडण्यापेक्षां ज्यांनीं तीं आधीं पाहिलीं आहेत त्यांना गांठावें. आपल्या शहरांत स्वमग्न मुलांसाठीं काम करणारें 'आरंभ' हें केंद्र आहे, विशेष मुलांच्या इतरही शाळा आहेत; त्यांच्या फाटकापाशीं मुलांना आणावयास आलेल्या आया दहा मिनिटांत जें सांगतात तें कोणत्याही पत्रकांत छापलेलें नसतें. कोणत्या वारीं मंडळ बसतें, कोणत्या खिडकीवर आधीं जावें, मूल कंटाळून रडूं लागलें तर सावलींत कोठें बसवावें, हें त्यांना ठाऊक असतें. घाटींत जाण्यापूर्वीं तो वार विचारून घ्यावा. बरोबर आधारपत्र, छायाचित्रें, आजवरचे सर्व वैद्यकीय कागद सालवार लावून, व त्या प्रत्येकाच्या दोन प्रति ठेवाव्या. आणि मुलासाठीं पाणी व डबा न विसरतां घ्यावा.