ऐकणारे हृदय



दरबारात अर्ज करावयाचा तो रयतेने आणि त्यावर शेरा मारावयाचा तो सरकारने, अशी जगाची जुनी वहिवाट आहे. त्यामुळे जुन्या करारातील राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात अर्जदाराच्या जागी खुद्द राजाच हात जोडून उभा असलेला दिसला, म्हणजे वाचक क्षणभर थबकतो. दावीदामागून गादीवर आलेला शलमोन गिबोन येथे एक हजार होमबली अर्पण करतो, रात्री स्वप्नात परमेश्वर त्याला वाटेल ते मागण्याची मुभा देतो, आणि हा राजा, आपण अजून लहान मूल आहोत, बाहेर कसे जावे व आत कसे यावे हेही आपणास उमगत नाही, अशी कबुली आधी देऊन मगच आपले मागणे मांडतो. दीर्घायुष्य, द्रव्य किंवा शत्रूंचे प्राण यांपैकी काहीही त्याने मागितले नाही. त्याच्या मागण्याला आपण 'शहाणपण' असे म्हणून मोकळे होतो. परंतु मूळ हिब्रूतील शब्द 'लेव शोमेआ' असे आहेत, आणि त्यांचा सरळ अर्थ 'ऐकणारे हृदय' असा होतो.

ज्ञान म्हटले की तेज डोळ्यांचे आणि धार जिभेची, अशीच कल्पना आपल्या मनात रुजलेली असते. कानाला त्या मानकऱ्यांत जागा नसते. शलमोनाने मात्र नेमका कान मागितला, आणि पुढच्याच प्रसंगात तो उपयोगास आला. एका अर्भकावर दोन स्त्रिया हक्क सांगत आल्या. साक्षीदार नाही, कागदपत्र नाही, दोघींच्या जबान्या एकमेकींच्या उलट. राजाने तलवार मागविली ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. तलवार मागविण्यापूर्वी त्याने त्या दोघींचे म्हणणे, हिचे हिच्या आणि तिचे तिच्या शब्दांत, पुन्हा उच्चारून दाखविले, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मला तर त्या निवाड्याचे मर्म तलवारीपेक्षा या उच्चारातच अधिक दिसते.

येथेच कथा संपती, तर धर्मोपदेशकांची मोठी सोय झाली असती. पण पवित्र शास्त्र आपल्या थोरांचे हिशेब लपवीत नाही. परमेश्वराचे मंदिर बांधावयास सात वर्षे लागली आणि राजाचा स्वतःचा वाडा बांधावयास तेरा, हे दोन आकडे ते अगदी जवळजवळ, कसलीही टीका न करता नमूद करते. पुढे सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी यांच्या परिवारात वृद्ध झालेल्या या राजाचे हृदय परमेश्वरापासून वळले, असे अकरावा अध्याय सांगतो. गिबोनला ज्याच्यासाठी प्रार्थना केली, तेच हे हृदय. ईश्वराने दिलेले ज्ञान म्हणजे सनद घेऊन पिढ्यान्पिढ्या उपभोगावयाचे वतन नव्हे, आणि ज्या दिवशी राजा ते तसे समजू लागला, त्या दिवशी त्याचा कान बंद झाला असावा, असे मला वाटते. याकोबाने आपल्या पत्रात, ज्याला ज्ञानाची उणीव भासेल त्याने ते देवापाशी मागावे, तो कोणाला दोष न लावता उदारपणे देतो, असा भरवसा दिला आहे. त्यात पहिली अट आहे ती उणीव भासण्याची, आणि विद्वानास ती सर्वांत जड जाते.

आपल्याच प्रांतातील एका विदुषीने ती अट कशी पाळली, ते पाहा. अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या रमाबाई हिला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे तिने ख्रिस्ती दीक्षा घेतली. इतक्या ग्रंथज्ञानानंतर आणि इतक्या गाजलेल्या धर्मांतरानंतर, आपणास ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो दीक्षेनंतर आठ वर्षांनी मिळाला, असे या बाईने पुढे १९०७ साली आपल्या अनुभवकथनात मोकळेपणी लिहून ठेवले. ज्यांनी धर्मांतराबद्दल तिला दूषणे दिली होती, त्यांच्या हाती हे आयते शस्त्र देणे होते. तिने ते दिले.

उतारवयात तिने अंगावर घेतलेले काम या कबुलीशी सुसंगतच होते. केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमात बसून, हिब्रू व ग्रीक मुळाशी ताडून पाहत, तिने संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि ते अशा सोप्या मराठीत की खेड्यातील नुकतीच अक्षरे शिकलेली बाईही वाचू शकेल. शास्त्र्याच्या घरी संस्कृतावर वाढलेल्या लेखणीला जड शब्द वश असतात. ते दूर सारणे हीच तिची मेहनत होती. (मी हे भाषण कोणत्या भाषेत करीत आहे, याची मला जाणीव आहे.) आश्रमाच्याच छापखान्यात तेथल्या मुलींनी खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या; संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली, आणि ज्यांच्यासाठी तो सोपा केला होता, त्यांच्यातल्याच मुलींच्या बोटांना त्याची शाई लागलेली होती.