पोत्यावर न छापलेला आकडा



मी सॉफ्टवेअरवाला, कोंबड्यांचा डॉक्टर नाही. पण माझ्या मामूंचं सांगलीकडे ब्रॉयलरचं शेड आहे. मागच्या ईदला खाद्याच्या पोत्यांवर बसून चहा पीत होतो. पोत्यावर प्रथिनं, ओलावा, तंतू यांची टक्केवारी छापलेली. मी विचारलं, "मामू, हे आकडे कोण तपासतं?" ते म्हणाले, "बेटा, पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. माझं शेड आणि मेहनत." करारावरच्या कुक्कुटपालनात खाद्य निवडायचा हक्कच शेतकऱ्याला नसतो.

मग मी तो प्रथिनांचा आकडा येतो कुठून, हे शोधत बसलो. ब्रॉयलरच्या स्टार्टर खाद्यात साधारण २२ टक्के प्रथिनं लागतात, फिनिशरमध्ये २०. ती मोजण्याची पद्धत १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी काढली. (हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. हसू नका.) गंमत म्हणजे ही पद्धत प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. आमच्या धंद्यात याला म्हणतात, टेस्ट पास झाली, पण टेस्टने प्रश्नच दुसरा विचारला होता.

ज्याला हे कळलं, त्याला फसवता येतं. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. २००८ मध्ये चीनमध्ये ते दुधात मिसळलं गेलं, तान्ही मुलं दगावली. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये चिनी अंड्यांतही ते सापडलं आणि बोट कोंबडीच्या खाद्याकडे गेलं.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. ढाक्याच्या हजारीबागेत चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जायचं. तिथल्या कातड्यांचा मोठा वाटा बकरी ईदच्या कुर्बानीतून यायचा. कमावताना उरलेली कातरणं उकळायची, वाळवायची, दळायची आणि कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्यात घालायची, असा धंदाच उभा राहिला. कातडं म्हणजे कोलॅजन, म्हणजे भरपूर नायट्रोजन. पोत्यावरचा आकडा झकास! पण कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं, मेथिओनीन अगदी थोडं. पिल्लाच्या अंगाला लागायचं ते लागत नाही, वर क्रोमियम फुकट. २०११ मध्ये बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने असे कारखाने बंद करायला सांगितलं.

आणि चोरीचाच माल वाईट असतो असंही नाही. अमेरिकेत रॉक्सार्सोन हे आर्सेनिकचं संयुग १९४० च्या दशकापासून खाद्यात उघडपणे, परवानगीने घातलं जायचं. २०११ मध्ये ते खाणाऱ्या कोंबड्यांच्या कलेजीत घातक स्वरूपातलं आर्सेनिक जास्त आढळलं, तेव्हा विक्री थांबली. शिवाय खाद्यात जस्त आणि फॉस्फेट घालावंच लागतं. ते खनिजातून येतं, आणि नीट शुद्ध केलं नाही तर सोबत कॅडमियम किंवा शिसंही येऊ शकतं.

आता हे लगेच व्हॉट्सॲपवर टाकू नका. २०२० च्या सुरुवातीला चिकनने कोरोना होतो ही अफवा पसरली आणि आपल्याकडचे शेतकरी, दुकानदार झोपले. मामूंनी पिल्लं मातीमोल दराने दिली. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवडे जगतो आणि कॅडमियमसारखे धातू मांसापेक्षा कलेजीत, मूत्रपिंडात जास्त साठतात. अंड्यांच्या कोंबडीला वर्षभराहून जास्त काळ तेच खाद्य मिळतं, म्हणून तिची काळजी मला अधिक वाटते. विष्ठेतून बाहेर पडलेले धातू खतासोबत शेतात जातात, तेही विसरू नका.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी चिकनचं दुकान असेल. गिऱ्हाईक विचारतं, हलाल आहे ना? आपण छातीठोक हो म्हणतो. कुरआनात हलालच्या जोडीला तय्यिब, म्हणजे स्वच्छ, निर्मळ, हा शब्दही येतो. त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. निदान पुरवठादाराला विचारा: या बॅचच्या खाद्याची शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियमची तपासणी झाली का? अहवाल दाखवा. शेड असेल तर बॅच नंबरचा फोटो आणि पाव किलो खाद्य कोरड्या डब्यात बाजूला ठेवा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर पुरावा हाताशी राहील.

मामूंनी कंपनीच्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "चाचा, आजवर असं कुणी विचारलं नाही." अहवाल अजून आलेला नाही. पाव किलोचा डबा मात्र त्यांच्या माळ्यावर आहे.