ढोरबाजाराचा पंच कोण?

(जठारपेठ, अकोला येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत खेड्यांतील एका मराठी शाळेच्या मास्तरांनीं केलेलें भाषण)



मी मराठी शाळेचा मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत मुलांना शिकविण्याचें शिक्षण मिळालें, भाषणाचें नाहीं. पण गांवांत कोणाची पावती आली, नोटीस आली कीं ती वाचण्यासाठीं माझ्याकडे येते, आणि त्या कागदांवरूनच मला आज बोलावयाचें आहे.

मी दहा वर्षांचा असतांना वडिलांनीं आमचा पवळ्या बैल विकावयास नेला. मी बरोबर होतों. फाटकावर पाटी होती कीं, सौदा उघड बोलून करावा. नवीनच वाचतां येऊं लागलें होतें, म्हणून मीं ती मोठ्यानें वाचून दाखविली. दलाल हंसला, आणि त्यानें उपरण्याखालीं घेणाऱ्याच्या दलालाचा हात धरला. बोटें दाबलीं, सोडलीं, आणि वडिलांना सांगितलें, अठ्ठावीसशें. पुढें पेरणीच्या दिवसांत तो बैल घेणारा कुणबी भेटला. त्यानें मोजले होते बत्तीसशें. चारशें रुपये उपरण्यांतच राहिले. वडील बाजाराच्या कचेरींत गेले. तक्रार ऐकावयास जे गृहस्थ बसले होते ते त्याच दलालाचे मेव्हणे. त्यांनीं चहा पाजला. तक्रार मात्र लिहून घेतली नाहीं.

पाटी खोटी नव्हती, कायदाही होता. पण पंच कोण, हा प्रश्न आमच्या वडिलांनीं कधीं विचारला नव्हता.

वऱ्हाडांत हा रोग जुना आहे. १८८६ सालीं आपल्या कारंज्यास हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार झाला, हें आपण अभिमानानें सांगतों. पुढें १८९७ सालीं, हैदराबादच्या रेसिडेंटाची हुकमत असतांना, वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस बेताच्या भावानें मिळावा, ही त्यामागची निकड. वजनमापांवर देखरेख आली, तेवढें श्रेय त्याला द्यावें. पण बाजार पाहणाऱ्या कमिटींत भरणा व्यापाऱ्यांचा. गाडी घेऊन येणाऱ्या कुणब्याच्या नांवाची खुर्चीच नव्हती. १९२८ सालच्या शेतकी कमिशननें आपल्या अहवालांत ह्या दोषावर बोट ठेवलें. तोंपर्यंत तीस वर्षें मांजरच शिंक्याची राखण करीत होतें.

पंजाबांत सर छोटूराम यांनीं १९३९ सालीं बाजारांचा कायदा करविला व कमिटींत तीन जागांपैकीं दोन शेतकऱ्यांना दिल्या. व्यापाऱ्यांनीं केवढा गहजब केला! नियमानें व्यापारी बुडत नव्हता. नियम कोणाच्या हातीं, एवढाच तो वाद.

कोणी म्हणेल, आपण अडाणी म्हणून असें होतें. तर अमेरिकेकडे पाहा. तेथें पांच मोठ्या मांस-कंपन्यांनीं ढोरबाजार मुठींत घेतला होता. कित्येक बाजारांची जागाही त्यांचीच. म्हणून १९२१ सालीं त्यांच्यावर देखरेखीचा कायदा झाला. पुढें २०१० सालीं सरकारनें गुरें पाळणाऱ्यांच्या बाजूनें कडक नियमांचा मसुदा काढला. कंपन्यांच्या संघांनीं विधिमंडळांत वजन खर्च केलें, आणि त्या नियमांवर पैसा खर्चावयाचा नाहीं असें कलम कांहीं वर्षें अंदाजपत्रकांतच घालविलें. २०१७ सालीं उरलेला नियमही गेला. आज तेथें मांसासाठीं पोसलेल्या शंभर जनावरांपैकीं सुमारें ८५ चार कंपन्यांकडे जातात. कायदा जिवंत आहे, त्याचे दांत काढले आहेत.

आपल्याकडेही २०१७ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें गुरांच्या बाजारांच्या नियमांचा मसुदा काढला होता. हरकतींना मुदत तीस दिवस. येथें बसलेल्यांपैकीं किती जणांनीं तो पाहिला? मी मास्तर असून पाहिला नाहीं. मे महिन्यांत नियम आले, तेव्हां आपण जागे झालों. सुप्रीम कोर्टानें ते थांबविले आणि २०१८ सालीं सरकारनें मागें घेतले, हें आपलें कर्तृत्व नव्हे. कंपन्यांची माणसें मसुद्याची ओळ न् ओळ वाचतात. आपण पोळ्याला बैल रंगवितों.

आतां आपल्या बाजार समितीकडे येऊं. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें अठरा जागा ठरविल्या: शेतकऱ्यांच्या पंधरा, व्यापारी व अडत्यांच्या दोन, हमाल-तोलाऱ्यांची एक. कागदावर आपलें राज्य! पण त्या पंधरांना मत कोण देतो? सेवा सोसायट्यांचे पंच आणि ग्रामपंचायतींचे सभासद. बैल विकणारा मतदार नव्हे. २०१७ सालीं दहा गुंठे जमीन असून बाजारांत माल विकणाऱ्याला थेट मत मिळालें. २०२० सालीं तें काढून घेतलें. निवडणुकीचा खर्च समित्यांना पेलत नाहीं, असें कारण दिलें गेलें. खर्च खरा असेल. पण दलालाच्या उपरण्यांत दर बाजारीं काय जातें, त्याचा हिशेब कोणी मांडला? २०२३ च्या निवडणुकांत तर शेतकऱ्याला उभें राहण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. नवरदेव घोड्यावर, पण अक्षता दुसऱ्यांच्या हातीं!

सुतार, लोहार, चांभार मंडळी म्हणतील, आमचें ह्यांत काय? अहो, वखराच्या पाशीची नि जोड्याची उधारी फिटते ती बैल विकलेल्या पैशांतूनच. ते चारशें तुमचेही होते.

सोसायटीचा पंच हाच जर मतदार, तर पंच निवडतांना डोळे उघडे ठेवावे लागतील. तेथें दलालाचा सोयरा बिनविरोध बसतो, कारण सभेला पांचच माणसें जातात. गेल्या सालीं आमच्या गांवीं सभेची नोटीस देवळामागें चिकटविली होती. मुलांनीं चेंडू शोधतांना ती पाहिली, म्हणून कळलें.

सोसायटीच्या सभासदत्वाचे कोरे अर्ज मीं आणले आहेत. सातबारा बाईच्या नांवावर असेल तर त्या बाईनेंही यावें. ढोर विकल्याची पावती ज्यांच्याजवळ असेल त्यांनीं ती दाखवावी. तींत लिहिलेली रक्कम आणि हातीं आलेली रक्कम मला वहींत समोरासमोर मांडावयाची आहे. दिवे लागेपर्यंत मी बाहेर निंबाखालीं बसलों आहें.