एका दिवसात धार, तीही पायी



देवासच्या आपल्या मंडळींनी आम्हा धारकरांना बोलावलं आणि विषयही आम्हीच निवडावा असं सांगितलं. तेव्हा आम्ही आमच्या गावाबद्दलच बोलायचं ठरवलं. तुमचं आमचं नातं जुनं, इकडेही पवार आणि तिकडेही पवार. तरी देवासहून माणसं धारला येतात ती लग्नकार्याला, नाहीतर मांडूला जाताना. गाडी नाक्यावर थांबते, चहा होतो, कोणीतरी विचारतं, "इथे काही बघण्यासारखं आहे का हो?" आणि आम्ही उत्तर देईपर्यंत गाडी सुटलेली असते.

आपल्याच घरातली मंडळी हल्ली रोम, प्राग, व्हिएन्ना करून येतात. छत्री उंच धरलेल्या गाईडमागे दिवसभर पायी हिंडतात आणि पाय सुजल्याचंही कौतुकानं सांगतात. आम्ही म्हणतो, तेवढेच पाय एकदा धारमध्ये सुजवा. छत्री आम्ही धरतो!

इंदूरहून सकाळची पहिली बस धरा. पोहे-जलेबी धारमध्येच खा आणि ऊन चढायच्या आत किल्ला गाठा. लाल दगडाचा हा किल्ला गावातल्याच टेकाडावर आहे, त्यामुळे चढ फारसा नाही. आत खरबुजा महाल आहे. घुमटांचा आकार खरबुजासारखा, म्हणून हे नाव. आता जरा थांबून ऐका. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी राघोबादादांच्या मागे फौजा लावल्या, तेव्हा गरोदर आनंदीबाईंना या किल्ल्यात आसरा मिळाला. इथेच १० जानेवारी १७७५ रोजी दुसरे बाजीराव जन्मले. पेशवाई पुण्यात बुडाली हे आपल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. शेवटचा पेशवा माळव्यात, आपल्या शेजारी जन्मला हे मात्र धारच्या पोरांनाही सांगावं लागतं. आणि 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका जिच्यावर आला, त्या बाईला आसरा मिळाला तो 'ध'नंच सुरू होणाऱ्या गावात! आमच्यातला एक जण हा विनोद प्रत्येक पाहुण्याला सांगतो, म्हणून इथेही सांगून टाकला.

याच किल्ल्याला १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी वेढा घातला. किल्ला पडला, संस्थान जप्त झालं आणि १८६० साली पवारांना परत मिळालं. तटावरून गाव बघताना हे आठवावं.

तिथून लाट मशीद. मांडूचे पहिले सुलतान दिलावर खान घोरी यांनी ती १४०५ साली बांधली. मांडूची राजधानी पुढे त्यांच्या मुलानं, होशंगशहानं वसवली. म्हणजे मांडूची गोष्टसुद्धा धारपासूनच सुरू होते. मशिदीच्या बाहेर लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. सगळे जोडले तर लांबी तेरा मीटरच्या वर जाते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरच्या आसपास आहे. दिल्लीचा उभा आहे म्हणून त्याच्यासमोर फोटोसाठी रांग लागते, आमचा पडला आहे म्हणून त्याच्याजवळ कोणी फिरकत नाही. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा स्तंभ घेऊन जायला निघाला आणि उतरवताना तो मोडला. जवळ जाऊन बघा. इतका लांब तुकडा त्या काळच्या भट्टीत एकदम निघणं शक्य नव्हतं. लहान लहान गोळे तापवून, ठोकून, एकाला एक जोडत नेलेलं हे काम आहे. आमच्यातल्या डिप्लोमावाल्यांचा पाय इथून लवकर निघत नाही.

भोजशाळेबद्दल मोजकंच बोलतो. तिथला वाद कोर्टात आहे आणि हा गणपतीचा मांडव आहे. आत कधी आणि कोणाला जाता येतं ते निघण्याआधी विचारून घ्या. बघायचे आहेत ते कोरलेले दगड. संस्कृत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यात बसवलेले आहेत, म्हणजे दगडात कोरलेला व्याकरणाचा तक्ताच. इथेच १९०३ साली 'पारिजातमंजरी' नाटिकेचा शिलालेख उजेडात आला. अर्जुनवर्मा परमारांच्या दरबारातल्या मदन कवीची ही नाटिका. शिलालेख उजेडात आणण्यात धार संस्थानाच्या शिक्षण खात्यातले काशिनाथ कृष्ण लेले पुढे होते. नोकरी सांभाळून परमारांचे शिलालेख गोळा करणारा मराठी माणूस. आम्हीही सरकारी नोकरीतलेच, म्हणून त्यांचं नाव जरा जोरात घेतो.

जेवण झालं की खंडेराव टेकरी, फडके स्टुडिओ. खरं सांगायचं तर आजचं सगळं बोलणं या एका जागेसाठी आहे. रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे, जन्म १८८४. शिल्पकला स्वतःच शिकले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. अनंत चतुर्दशीला लाखो माणसं ज्या पुतळ्यासमोरून गणपती नेतात, तो घडवणारा हात पुढे धारचा झाला. ते इथेच राहिले, इथेच काम केलं, मुलं शिकवली. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्टुडिओतले चेहरे बघताना त्या काळातली माणसं समोर बसल्यासारखी वाटतात. इथे घाई करू नका. आम्ही पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा निदान तासभर बसतो. गेल्या काही वर्षांत आमच्याबरोबर आलेल्यांत मराठी पाहुणे बोटांवर मोजण्याइतके होते. धारमधली मराठी घरं इंदूर-पुण्याकडे सरकत चालली आहेत. मागे राहिलेल्यांनी पाहुण्यांना टेकरीवर नेलं नाही तर कोण नेणार?

उन्हं उतरली की तलावांकडे वळा. धार साडेबारा तलावांचं गाव म्हणून ओळखलं जातं. हे साडेबाराचं गणित आम्हाला विचारू नका, प्रत्येक म्हातारा वेगळी यादी देतो. जुन्या धारानगरीचा आराखडा मात्र गोल होता. भोवती मातीचा तट आणि पाण्याचा खंदक. आजचे बरेचसे तलाव त्याच साखळीतले. मुंज तलावाला भोजराजाच्या काकांचं नाव आहे. शेवट देवीसागराकाठी, कालिकामातेच्या देवळात करा. नवरात्रात मात्र येऊ नका, उभं राहायला जागा मिळत नाही.

गणपती उठले की पितृपक्षातले दोन रविवार आम्ही मोकळे असतो. शुभकार्यं नसतात, लग्नं नसतात, त्यामुळे तुम्हालाही निमित्त सांगता येणार नाही. पाच जण जमले तरी चालतील. पायात जुने, सवयीचे बूट घाला, पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि मांडूचं नाव त्या दिवशी काढू नका.

गणपती बाप्पा मोरया!