गुण सारखेच, दारं मात्र वेगळी



परीक्षेत गुण सारखे असले, तर प्रवेशाची संधीही सारखी मिळायला हवी, असं आपण मानतो. अमेरिकेत तसं घडतं का? राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड यांसारख्या 12 खासगी विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश परीक्षेतले गुण सारखे असूनही, सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतली मुलं इथे शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आढळली.

याची मुख्य कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, अभ्यासेतर गुणांना दिलेलं वजन आणि खेळाडूंची खास भरती. महागड्या खासगी शाळांतली मुलं अभ्यासेतर बाबतीत सहज पुढे असतात. मोठ्या सरकारी राज्य विद्यापीठांत मात्र श्रीमंतांना असा फायदा दिसला नाही.

आणि पुढे काय होतं? या 12 विद्यापीठांत शिकल्यानं सरासरी कमाई फारशी वाढत नाही. पण सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता दीडपट होते, नामांकित संस्थेत नोकरी मिळण्याची जवळपास तिप्पट.

मुख्य म्हणजे, ज्या तीन गोष्टींमुळे श्रीमंत मुलं पुढे जातात, त्यांचा नंतरच्या यशाशी संबंध आढळला नाही; परीक्षेतल्या गुणांचा आढळला. म्हणजेच हे झुकतं माप काढून टाकलं, तर गुणवत्ता घटणार नाही. संधी मात्र अधिक घरांपर्यंत पोहोचेल.