ताम्रपटावरील वनौषधी



हुगळीच्या पश्चिम तीरावर, शिवपूर येथे, ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली वनस्पतिउद्यान स्थापिले. १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग या वैद्याकडे त्याची धुरा आली. हिंदी चित्रकारांकडून त्याने अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. त्यांपूर्वी मद्रास इलाख्यात असताना काढविलेली चित्रे त्याने लंडनला धाडली होतीच. निवडक तीनशे चित्रे तेथे ताम्रपटांवर कोरली गेली आणि १७९५ ते १८२० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली.

पहिल्या खंडात काजरा आणि निवळी लागोपाठ येतात. दोन्ही एकाच प्रजातीतील, पानांच्या शिरांची ठेवणही मिळतीजुळती. परंतु काजऱ्याची चपटी बी जहाल विष. तर निवळीची बी भांड्यात उगाळली की गढूळ पाणी निवळते. येथे चूक झाली तर ती प्राणावर बेतावयाची! अशा वेळी लांबलचक वर्णनापेक्षा फळ आणि बी सुटी करून दाखविणारी आकृतीच अधिक भरवशाची.

कोरलेल्या रेषांत शाई भरावयाची, पृष्ठभाग पुसावयाचा, ओलसर कागद दाबून ठसा घ्यावयाचा, अशी ही रीत. ठसा उलटा उमटतो. कोरक्याने दक्षता घेतली नाही तर उजवीकडे वळणारी वेल कागदावर डावीकडे वळे. रंग मात्र हातानेच भरीत.

याहून जुना ग्रंथ म्हणजे कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याचा ‘हॉर्टस मलबारिकस’. ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोंकणी वैद्यांचाही वाटा होता. त्या तिघांचे कोंकणीतील निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत आहे. नागरीचे खिळे तेव्हा कोठून असणार? चित्रांप्रमाणे अक्षरेही तांब्यावर कोरूनच छापली.

रॉक्सबर्गच्या चित्रकारांना हे भाग्य लाभले नाही. ज्यांच्या नजरेवर सारे शास्त्र विसंबले, त्यांची नावे ग्रंथकाराने नोंदवू नयेत, हे न्याय्य नव्हे. पुढे त्याच उद्यानाचा प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच याने १८३० ते १८३२ मध्ये शिळाछापाची चित्रे असलेला ग्रंथ काढला. त्यातील चित्रांखाली विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही नावे वाचावयास मिळतात.